बंबखान्याचे बटाटे

माझी धाकटी जाऊ लव्हॉन हिने माझे बटाटे चोरले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याबद्दल आमच्या गावात काही लोक अजून मान हलवतात, आणि मूळ गोष्ट विसरायला त्यांना फार आवडतं.

बटाटे म्हणजे पोती नव्हेत. रेड नदीच्या या सपाट खोऱ्यात पोती ज्याच्या त्याच्या कोठारात पडलेली असतात. मी म्हणते ते फॉइलच्या पुडीतले, जाळीवर भाजलेले. ते माझे. आठवी करून शाळा सोडली आणि सतराव्या वर्षी काढणीच्या ट्रकवाल्यांना शेताच्या कडेला जेवायला घालायचं काम माझ्याकडे आलं. काढणीत कोणी ताट घेऊन बसत नाही. ट्रक दहा मिनिटं थांबतो, माणूस उतरतो, उभ्याने खातो आणि जातो. म्हणून मी पुड्या करायला लागले. करंगळीएवढ्या जाड चकत्या. तळाला बेकनची पट्टी, म्हणजे खालचे करपत नाहीत. कांदा, लोणी, मीठ, वर चिमूटभर नाही, चांगला मूठभर शेपू. फॉइल दोन पदरी, घडी वरच्या अंगाला, आणि आत वाफेला फुगायला जागा. हे जमायला मला तीन हंगाम लागले. पहिल्या हंगामात अर्धे करपलेले असायचे आणि अर्धे पिठूळ. तिसऱ्या हंगामात हार्लन नावाचा एक ट्रकवाला रिकामी पुडी नीट घडी करून परत द्यायला आला आणि लग्नाचं विचारून गेला. चार मुलगे झाले, चार सुना आल्या, हार्लन गेला. बटाटे तेच राहिले.

गावच्या बंबखान्याचं जेवण ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी असतं. आमचे बंबवाले सगळे शेतकरी, दुकानदार, एक शाळामास्तर. पगार कोणालाच नाही. त्या जेवणाच्या पैशांतून त्यांचे पाइप आणि बूट येतात. त्या दिवशी बंब बाहेर काढून उभे करतात, आत टेबलं मांडतात आणि अंगणात तेलाच्या जुन्या टाक्या उभ्या चिरून केलेल्या शेगड्या पेटवतात. एकेचाळीस वर्षं तिथले बटाटे मी केले. कोणी कधी विचारलं नाही की यंदा बटाटे कोण करणार. जसं यंदा हिवाळा येणार का असं कोणी विचारत नाही.

मग गेल्या मार्चमध्ये माझा खुबा बदलला. तीन आठवडे उठायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला. लव्हॉन आपणहून आली. ही फार्गो शहरातल्या बँकवाल्याची मुलगी, माझ्या दिराशी लग्न करून पस्तीस वर्षांपूर्वी इथे आली आणि अजूनही शेतातून आल्यावर बूट असे काढते, जणू कोणीतरी मेलंय त्यांच्यात. पण आली. सूप केलं, उशा बदलल्या, माझी फडताळं पुसली. मी पडल्या पडल्या म्हटलं, बाई सुधारली. फडताळात माझ्या कृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा होता, तोही तिने पुसला. आतून.

जूनमध्ये कळलं. आमच्या चर्चला शंभर वर्षं होणार, म्हणून बायकांच्या मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. पन्नास वर्षांचं पुस्तक निघालं होतं ते अजून प्रत्येक घरात आहे, लोण्याचे डाग पडलेलं, पाठ सुटलेलं. लग्न झालं की नवरीला तेच देतात. मेल्यावर माणसाचं नाव दगडावर कोरतात, तो दगड कोणी वाचत नाही. ते पुस्तक रोज उघडतं. आणि तेव्हा माझे बटाटे त्यात गेले नव्हते, कारण तेव्हा मी माजात होते, म्हटलं, मी जिवंत आहे, ज्याला खायचेत त्याने येऊन खावेत.

पुस्तकाचं काम मर्ना बघते. प्रार्थना झाल्यावर कॉफीच्या टेबलावर तिने पुस्तकाची टाइप केलेली पानं ठेवली. पान चौऱ्याऐंशी: लव्हॉनचे बंबखाना बटाटे.

मी खाली वाचत गेले. बेकन तळाला. शेपू. दोन पदरी फॉइल. ‘घडी वरच्या अंगाला’ हे माझे शब्द, माझ्या चुकीच्या स्पेलिंगसकट.

लव्हॉन शेजारीच उभी होती, बिस्किटाचा कोपरा कुरतडत. मी म्हटलं, “हे माझे आहेत.”

“अगं अर्डिस, फॉइलमध्ये बटाटे कोण करत नाही? आमच्या माहेरीही करायचे.”

“तुमच्या माहेरी बटाटे हॉटेलातून यायचे.”

ती हसली. मर्नाही हसली, कारण आमच्याकडे दोन बायकांमध्ये काही पेटलं की तिसरीने हसायचं असतं. “बटाट्यावर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं का?” लव्हॉन म्हणाली. “आणि हो, यंदा बंबखान्याचं मी बघते. डुएनशी बोलून ठेवलंय. तू आता खुर्चीत बस. इतकी वर्षं केलंस, पुरे की.”

डुएन म्हणजे बंबवाल्यांचा प्रमुख. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “मला वाटलं तुम्हीच तिला सांगितलंत. ती म्हणाली तुम्हाला उभं राहवत नाही.” भला माणूस आहे. भल्या माणसांचा काही उपयोग नसतो.

मर्ना म्हणाली, पुस्तक बंबखान्याच्या जेवणानंतरच्या सोमवारी छापायला जाणार. एकदा छापलं की पुढची पन्नास वर्षं. मी तेव्हा या जगात नसेन. माझ्या नातवांच्या बायका लव्हॉनचे बटाटे करतील.

थोरली सून ब्रेन्डा म्हणाली, “आई, चर्चमध्ये उठून सरळ सांगून टाका ना.”

“काय सांगू? ती म्हणेल नाही. मग मी म्हातारी, माझा खुबा गेलेला, आणि आता डोकंही गेलं म्हणतील. मला तिच्या तोंडून वदवून घ्यायचंय.”

“त्या कशाला कबूल करतील?”

“करेल,” मी म्हटलं. कसं ते मलाही माहीत नव्हतं.

पण मला एक माहीत होतं. माझ्या त्या जुन्या कार्डावर माप नाही. मी कधी मापाने केलं नाही. ‘लोणी लागेल तेवढं’, ‘भाजून झाले की काढावे’. चार माणसांचं कोणीही अंदाजाने करेल. एकशे ऐंशी पुड्यांचं लव्हॉन कसं करणार? ती जुलैभर माझ्याकडे चकरा मारायला लागली. एकदा रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री घेऊन आली, एकदा काहीच न घेता. “तेवढ्या मोठ्या शेगडीवर किती वेळ ठेवायचीस गं तू?” मी म्हणायचे, “नजरेने.” तिचं ते पडलेलं तोंड बघायला मजा यायची.

आणि मी स्वयंपाकघरात बसून विचार केला. बटाट्याला काय केलं की तो शिजत नाही? हे बँकवाल्याच्या मुलीला माहीत नसतं. बटाट्याची कोशिंबीर करताना चकत्या मोडू नयेत म्हणून आम्ही उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकतो. चमचाभर. आंबटात बटाटा आखडतो. मी मागच्या अंगणात माझ्या छोट्या ग्रिलवर करून बघितलं. चकत्या रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात, वर पुडीत आणखी दोन चमचे. पाऊण तासाने उघडलं, कच्चा. दीड तासाने उघडलं, बेकन करपलेलं, कांदा वितळलेला, आणि बटाटा कचकन दाताखाली. ब्रेन्डाने चाखला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मी हे बघितलेलं नाही.” चांगली मुलगी आहे.

मी नवं कार्ड लिहिलं. वर मोठ्या अक्षरात ‘बंबखाना, १८० पुड्या’. सगळी मापं घातली, पौंड, कप, चमचे, वेळसुद्धा. मध्ये नीट घातलं: चकत्या आदल्या रात्री व्हिनेगरच्या पाण्यात ठेवाव्या, काळ्या पडत नाहीत. प्रत्येक पुडीत दोन चमचे व्हिनेगर, धुराचा वास मरतो. मग कार्डावर थोडं लोणी चोळलं, कॉफीच्या कपाचा गोल उठवला आणि डब्यात मधोमध खोचलं.

जेवणाच्या आधीच्या गुरुवारी ब्रेन्डा मला खुब्याच्या व्यायामासाठी ग्रँड फोर्क्सच्या दवाखान्यात नेणार होती. मी लव्हॉनला फोन केला. “दिवसभर घरी नसेन. टोमॅटोंना पाणी घालशील का गं?”

“घालेन की,” ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात तिने मला कधी हो म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी परत आले तर टोमॅटो चिंब होते आणि डब्यातलं कार्ड उलटं खोचलेलं होतं.

शनिवारी मी निळा ड्रेस घातला. ब्रेन्डाने विचारलं, आई, हा तर लग्नाकार्याचा ना. मी म्हटलं, हो.

पाच वाजता अंगण भरलं होतं. ऐनारने त्याच्या शेतातले लाल बटाटे दिले होते, दरवर्षी देतो, सगळ्यात चांगल्या वाफ्यातले काढून. लव्हॉन पांढऱ्या एप्रनमध्ये शेगड्यांमधून फिरत होती, हातात चिमटा, जणू पस्तीस वर्षं तिने हेच केलं. डुएन मोठा हातमोजा घालून पुड्या दाबून बघत होता. पुडी मऊ लागली की झाली, हे त्याला मीच शिकवलेलं.

“अजून नाही झाले,” तो म्हणाला.

“वेळ झालाय,” लव्हॉन म्हणाली. “पन्नास मिनिटं.”

“घट्ट लागतायत.”

“अरे, घड्याळ बघ.”

पाद्रीने प्रार्थना म्हटली. पुड्या वाटल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत, जिथून सगळी टेबलं दिसतात. फॉइल उघडल्याचा आवाज झाला, वाफ निघाली, वास चांगला होता, तो नाकारून चालणार नाही. मग काटे रुतेनात. मग चावायला सुरुवात झाली. पावणेदोनशे माणसं कच्चा बटाटा चावतात तेव्हा कसा आवाज येतो माहीत आहे? घोड्यांच्या तबेल्यात संध्याकाळी येतो तसा.

मी थांबले. कोणीतरी बोलेल.

आणि इथे मी चुकले. चाळीस वर्षं या लोकांना जेवायला घालून मी विसरले होते की हे कोण आहेत. आमच्याकडे कोणाच्या अन्नाला नाव ठेवत नाहीत. घराचं छप्पर उकडून लोणी लावून वाढलं तरी हे खातील आणि म्हणतील, वा, भरपेट झालं. सगळ्यात वाईट कोणी बोललं तर ‘वेगळं लागतंय’ एवढंच.

“वेगळेच लागतायत,” एक म्हणाला.

“दाताला बरं काम आहे,” दुसरा.

“हल्ली असेच करतात बहुतेक, शहरात.”

माझ्या समोरच्या म्हाताऱ्या ओर्विलने, ज्याचे दात त्याचे नाहीत, एकेक चकती रुमालात घेऊन खिशात घातली आणि पुडी रिकामी करून दाखवली. पाद्रीने तर सगळं संपवलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

लव्हॉन टेबलाटेबलांवरून फिरली. “कसे झालेत?” आणि प्रत्येकजण म्हणाला, छान, वेगळे, कधी खाल्ले नव्हते. तिचं तोंड फुलत गेलं. मर्ना माझ्या मागच्या टेबलावर तिला म्हणाली, “हे पुस्तकात हवेतच गं. सोमवारी त्यांना अख्खं पान देते. फोटोसकट.”

मी एवढा खटाटोप केला आणि या सभ्य गाढवांनी तो गिळून टाकला होता. मी स्वतः ओरडले असते, लव्हॉन, कच्चे आहेत, तर सगळं गाव माझ्याकडे बघून म्हणालं असतं, बिचारी, जळते. मग लव्हॉन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “अर्डिस, तू सांग. तुला कळतं.”

सगळे काटे थांबले.

मी एक चकती चावली. नीट चावली. गिळली. मग म्हटलं, “डुएन, माझी पुडी जरा परत ठेवतोस का शेगडीवर? मला म्हातारीला थोडे मऊ लागतात.”

बस. यात नाव ठेवण्यासारखं काय आहे? डुएन आला, पुडी घेतली. त्याच्या मागोमाग ओर्विल म्हणाला, “तू जातोच आहेस तर माझीही ने.” मग त्याची बायको. मग पाद्रीची बायको, आपल्या नवऱ्याकडे न बघता. मग टेबलंच्या टेबलं उठली. दहा मिनिटांत निम्म्या पुड्या पुन्हा जाळीवर होत्या आणि लव्हॉन त्यांच्यापुढे उभी, चिमटा हातात, मान ताठ.

“पाचच मिनिटं,” ती म्हणाली.

लोक बसून राहिले. उठून जाणंही सभ्य नाही ना. सॉसेज संपले, पाव संपला, लोणचं संपलं. डास आले. पंधरा मिनिटं झाली, डुएनने दाबलं, घट्ट. अर्धा तास झाला. बेकन करपल्याचा वास अंगणभर पसरला. लव्हॉन एकेक पुडी उघडून सुरी खुपसत होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते, एप्रनला राख लागली होती. मी माझ्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. एवढं निवांत मला हार्लन गेल्यापासून वाटलं नव्हतं.

पाऊण तासाने ऐनार शेगडीपाशी गेला. त्याने एक चकती हातात घेतली, वाकवून बघितली. ती वाकली नाही, तुटली.

“हे माझे बटाटे नाहीत,” तो म्हणाला.

“तुझेच आहेत,” लव्हॉन म्हणाली.

“माझे बटाटे तोंडात विरघळतात. दरवर्षी विरघळतात. यात काय घातलंस तू?”

“जे घालायचं ते.”

“काय?”

ऐनार कधी मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. पण बटाट्यावर आळ आल्यावर तो सभ्यपणा विसरतो. सगळं अंगण ऐकत होतं. लव्हॉन इकडेतिकडे बघायला लागली, आणि तिला मी दिसले, निळ्या ड्रेसमध्ये.

“मी कार्डात लिहिलंय तसंच केलंय!” ती म्हणाली. “सगळं मापाने. व्हिनेगरसुद्धा. तिनेच लिहिलंय व्हिनेगर!”

“कोणी?” डुएनने विचारलं.

लव्हॉनने माझ्याकडे बोट केलं.

मी उठले. खुब्याला हात लावून, सावकाश, कारण घाई कसली. “लिहिलंय मी,” मी म्हटलं. “माझ्या घरी, माझ्या फडताळात, माझ्या डब्यात. तू कुठे वाचलंस ते, लव्हॉन?”

मर्नाने हातातला कप टेबलावर ठेवला. कोणीही हसलं नाही, आणि हसायची वेळ हीच होती. माझा दीर बंबाच्या चाकाशी उभा होता, तो बुटांकडे बघायला लागला.

“टोमॅटोंना पाणी घालायला आलेली ना,” मी म्हटलं. “फार छान घातलंस.”

इथे काही लोक मला विचारतात, तुला वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. वाटावं म्हणून मी थोडा वेळ थांबलेही, पण आलंच नाही. ऐनार माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “अर्डिस, माझे बटाटे वापरायला नको होतेस यात.” त्याचं मात्र लागलं मला. मी म्हटलं, “तुझा दोष नव्हता एवढं तरी आता सगळ्यांना कळलं.” तो म्हणाला, “तेवढ्यासाठी बाराशे चकत्या डुकरांना.” आणि टोपी घालून गेला. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याने बोलू नये, हक्क आहे त्याचा.

मर्ना तिथेच माझ्याजवळ आली, पेन्सिल काढून. “नाव काय घालू?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आणि खरी मापं? सगळी?” मी म्हटलं, “सगळी. उद्या सकाळी ये, ब्रेन्डा वजन करेल, मी हाताने घालेन, तू लिही.” आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या हातातलं लोणी तोललं जाऊ देणार होते.

आवरायच्या कामाची पाळी मंडळाची यादी ठरवते, आणि यादी महिनाभर आधी लागलेली असते. त्या शनिवारी आवरायला लव्हॉन आणि मी. ती यादी बदलायचं कोणी नाव काढलं नाही, पाद्रीनेही नाही. सगळे लगबगीने गाड्यांत बसून गेले. आठ वाजता अजून ऊन होतं. आम्ही दोघी अंगणातल्या टेबलाला समोरासमोर बसलो, मध्ये एकशे ऐंशी पुड्यांचा ढीग. एकेक उघडायची, बटाटे पिंपात, फॉइल पोत्यात. तिचे डोळे सुजलेले होते. नाकही. ती भराभर काम करत होती, मी माझ्या चालीने.

साठ-सत्तर पुड्या झाल्या असतील. तिने एक कच्ची चकती बोटात धरली, तिच्याकडे बघत राहिली, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “अर्डिस, खरंच सांग ना. व्हिनेगर नसतं तर मोठ्या शेगडीवर किती वेळ ठेवायचे?”

विचारताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. पस्तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं, घ्यायच्या आधी.

मी हातातली पुडी उघडली, पिंपात झटकली, फॉइलची नीट घडी केली.

“पुस्तक येतंय ना,” मी म्हटलं. “पान चौऱ्याऐंशी. विकत घे आणि वाच.”